जर्मेनियमचा पत्ता

एफवाय बीएस्सीच्या वर्गात शरीराने सगळे हजर असतात. मनाने कुणी हुकलेल्या मेडिकलच्या सीटपाशी, कुणी पोलीस भरतीच्या मैदानावर. आवर्तसारणी दहावीत पाठ केलेली आणि रीतसर विसरलेली.

मध्यंतरी खेळातून शिकवायची टूम निघाली. मोबाइलवर क्विझ, झटपट उत्तराला जादा गुण, पडद्यावर वरखाली होणारी नावं. सुरुवातीला वर्ग दणाणून गेला. पुढे पाहावं तर वर तीच चार-पाच नावं, आणि रेंज नसलेला बरोबर उत्तर देऊनही तळाला. मागच्या बाकांवरचे फोन गुपचूप खिशात गेले. "मॅडम, याचे इंटर्नलला किती?" ही विचारणा तेवढी वाढली. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं की, चित्र काढण्याबद्दल आधी बक्षीस कबूल केलेली बालवाडीतली मुलं पुढे आपणहून कमी चित्रं काढतात. कॉलेजातली मुलं काही वेगळी नसतात.

मला पत्ते बरे वाटले. कार्डशीटच्या तुकड्यांवर मूलद्रव्याचं नाव, अणुवस्तुमान आणि घनता. प्रत्येक गटाला एक जोड, त्यातून जर्मेनियम काढून घेतलेला. हरवलेला पत्ता कसा असेल ते फळ्यावर लिहायचं, कारणासकट. गुण शून्य.

एका गटाने चारही शेजाऱ्यांची सरासरी काढली: वर सिलिकॉन, खाली टिन, डावीकडे गॅलियम, उजवीकडे अर्सेनिक. वस्तुमान ७२.९, घनता ५.३. मी लपवलेला पत्ता उलटला: ७२.६ आणि ५.३. आरडाओरडा असा झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

मग मी सांगितलं, मेंडेलीव्हने १८७१ मध्ये हेच भाकीत केलं होतं. जर्मेनियम सापडलं १८८६ मध्ये. एरवी हजेरीपुरतं तोंड उघडणारी एक मुलगी पुस्तक चाळत म्हणाली, "पण मॅडम, गॅलियम तर १८७५ चं. तो पत्ता त्याच्याकडे नव्हताच की!"

लगेच गॅलियम बाजूला पडलं, त्याच्या पलीकडचं झिंक घेतलं, पुन्हा बेरजा सुरू. आता आलं ७१.८ आणि ५.६. मी फळ्यावर मेंडेलीव्हचे आकडे लिहिले: ७२ आणि ५.५.

"म्हणजे त्याचं आमच्या पहिल्या उत्तरापेक्षा जास्त चुकलं," मागच्या बाकावरून आवाज आला. "पत्ता कमी होता ना बिचाऱ्याकडे!"