शाळा कुणाची, बाकं कुणाची

अमेरिकेतल्या चार्टर शाळांचे हिशेब तपासणं हा माझा व्यवसाय. शाळेत गेलं की मुख्याध्यापक हौसेने वर्ग दाखवतात, भिंतीवरची चित्रं दाखवतात. मी व्यवस्थापनाचा करार मागतो.

चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, पण जिल्हा शिक्षण मंडळाच्या अमलाबाहेर असते. 1991 मध्ये मिनेसोटाने पहिला कायदा केला, तेव्हा कल्पना होती ती शिक्षकांनी काढलेल्या छोट्या, सुट्या शाळांची. एकाच संस्थेने अनेक शाळा चालवायच्या, अशा साखळ्या मागून आल्या. ह्यूस्टनमध्ये 1994 साली दोन तरुण शिक्षकांनी सुरू केलेल्या उपक्रमातून ‘किप’ वाढली. ‘गॅप’ कपड्यांच्या फिशर दांपत्याने 2000 मध्ये पैसा दिल्यावर ती देशभर पसरली. कॅलिफोर्नियात 1998 मध्ये डॉन शाल्वी यांनी ‘नेटफ्लिक्स’च्या रीड हेस्टिंग्ज यांच्या साथीने ‘अ‍ॅस्पायर’ उभी केली.

यात नवल ते काय, असं मराठी वाचक म्हणेल. रयत शिक्षण संस्था 1919 पासून आहेच की! पण रयतेची शाळा ही रयतेचीच असते आणि अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देतं. इथे कागदावर उलटा मामला आहे. सनद, म्हणजे चार्टर, असते शाळेच्या विश्वस्त मंडळाच्या नावावर. दर मुलामागे मिळणारा पैसा मंडळाकडे येतो आणि मंडळ साखळी चालवणाऱ्या व्यवस्थापन संस्थेला कंत्राटावर नेमतं. म्हणजे मंडळ मालक, संस्था चाकर. आता हे मंडळ जमवलं कुणी, असं विचारलं की पुष्कळदा उत्तर येतं: संस्थेने!

ना-नफा साखळ्यांचं शुल्क साधारण उत्पन्नाच्या 10 ते 15 टक्क्यांच्या आसपास असतं. शिक्षक भरती, प्रशिक्षण, हिशेब हे सगळं त्यात येत असेल तर मला ते महाग वाटत नाही. स्टॅनफर्डच्या ‘क्रेडो’ गटाच्या 2023 च्या अहवालात साखळीतल्या शाळांची मुलं सुट्या चार्टर शाळांच्या मुलांपेक्षा सरस ठरली होती. साखळी म्हटली की नाक मुरडणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

माझी झोप उडवतात ते दुसरे करार. ओहायोत अ‍ॅक्रनचे उद्योगपती डेव्हिड ब्रेनन यांची ‘व्हाइट हॅट’ ही नफ्यासाठी चालणारी कंपनी होती. (स्वारी डोक्यावर पांढरी काउबॉय टोपी घालायची, त्यावरून हे नाव.) सरकारकडून आलेल्या पैशातले 95-96 टक्के शाळांनी तिला द्यायचे, असा करार होता. अशा कराराला आमच्या धंद्यात ‘स्वीप’ म्हणतात. शाळेच्या वहीत मग एकच ओळ उरते: व्यवस्थापन शुल्क. पुढचा खर्च खासगी कंपनीच्या कपाटात. 2010 मध्ये क्लीव्हलंड आणि अ‍ॅक्रनमधल्या दहा शाळांची मंडळं कोर्टात गेली. त्यांना कंपनी नको होती, पण करारात कलम होतं की शाळेसाठी घेतलेलं सामान कंपनीचं. हवं असेल तर विकत घ्या. म्हणजे जनतेच्या पैशाने एकदा घेतलेली बाकं जनतेच्याच पैशाने पुन्हा घ्यायची! 2015 मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम ग्राह्य धरलं. खरेदी करताना कंपनीवर विश्वस्ताची जबाबदारी होती, असंही न्यायालय म्हणालं. पण सही ती सही.

मला निकालाचा राग येत नाही, सही करणाऱ्या मंडळांचा येतो. समोरच्या पक्षाने लिहून आणलेला करार स्वतःचा वकील न लावता कुणी घर घेतानाही मान्य करत नाही.

त्याच वर्षी ओहायोने कायदा बदलला: सरकारी पैशातून कंपनीने घेतलेलं फर्निचर, संगणक आता शाळेचेच. जमीन आणि इमारत मात्र त्यात नाहीत. कंपनीच्याच कुटुंबातली दुसरी कंपनी इमारत घेते आणि शाळेला भाड्याने देते. म्हणून हल्ली मी बाकांचं कलम भराभर उलटतो आणि भाडेपट्टा काढायला सांगतो. मंडळाने उद्या कंपनी बदलली तर परवा मुलं कुठे बसणार, ते त्यात लिहिलेलं असतं.