महाराजाच्या घरची चित्रे

आमच्या केनवडवरून विमाने जातात. उतरत मात्र नाहीत. रात्रीची जेवणे आटोपून ओट्यावर बसावे आणि मेहकरच्या बाजूने एक लुकलुकता दिवा येऊन डोक्यावरून निघून जावा, एवढाच काय तो आमचा विमानांशी संबंध. अकोल्याजवळच्या शिवणीची धावपट्टी वाढणार, ही बातमी मी इतकी वर्षे वाचत आलो आहे की तिला आता पुराणकथेचे पावित्र्य लाभले आहे. त्यामुळे विमान कंपनी खेड्यापाड्यांच्या संस्कृतीला हातभार लावते, असे कोणी म्हटले की माझ्यातील वऱ्हाडी माणसाला हसू येते. फक्त एकाच ठिकाणी त्याला ते आवरावे लागते.

१९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल उडवीत आणले आणि जिचा पाया घातला, त्या एअर इंडियाने १९५६ साली चित्रे विकत घेण्यास आरंभ केला. पहिल्या खरेदीतील सहा चित्रे बी. प्रभा यांची होती. किंमत प्रत्येकी ८७ रुपये ८ आणे. प्रभाबाई आमच्या विदर्भाच्या, नागपूरजवळील बेला गावच्या. जन्म १९३३ चा. म्हणजे तेव्हा वय अवघे तेवीस. पुढे १९६७ मध्ये याच कंपनीने साल्वादोर दालीकडून राखदाणी घडवून घेतली, तेव्हा त्याने मोबदला म्हणून हत्तीचे पिल्लू मागितले आणि कंपनीने ते पोचतेही केले! एकीकडे हत्ती आणि दुसरीकडे साडेसत्त्याऐंशी रुपये, हा हिशेब कोणास खटकेल. मला तो तितकासा खटकत नाही. दालीला घेण्यास पैसा पुरतो; बेल्याच्या मुलीला घेण्यास डोळा लागतो.

आणि तिने काढले काय? उंच, सडसडीत, लांब मानेच्या कष्टकरी बाया. कंपनीचा तो मिशाळ महाराजा १९४६ साली बॉबी कूका आणि उमेश राव यांनी जन्मास घातला. तो बिचारा जगापुढे वाकूनच उभा. प्रभाबाईंच्या बाया कोणापुढे वाकत नाहीत. त्या तुमच्याकडे धड पाहतही नाहीत. परदेशांतील तिकीटकचेऱ्यांच्या भिंतींवर हिंदुस्थानची ओळख सांगण्यास कंपनीने अशी चित्रे लावावीत, याचे मला आजही नवल वाटते.

मागे सुट्टीत त्यांतल्या एकीचे छापील चित्र मी केनवडला नेले होते. वहिनी तुरीच्या शेंगा सोलीत होत्या. त्यांनी हात पुसून ते घेतले, बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाल्या, “हे बाई बसलेली दिसते भाऊजी, पन काम काई सरलं नाई इचं.” मी तीस वर्षे वर्गात समीक्षा शिकवीत आहे, इतके नेमके वाक्य मला सुचले नसते.

माझी तक्रार इथेच आहे. चित्रांतील बायांनी जग पाहिले. ज्यांच्यावरून त्या काढल्या, त्यांच्यासारख्यांनी ती चित्रे पाहिली नाहीत. २०२२ च्या जानेवारीत कंपनी पुन्हा टाटांकडे गेली. चार हजारांहून अधिक कलाकृतींचा तो संग्रह मात्र सरकारपाशी राहिला आणि २०२३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या हवाली झाला. तो तेथे सुरक्षित राहील, याविषयी मला शंका नाही. परंतु सुरक्षितता कोठारातही असते.

२०२५ च्या एप्रिलात अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून अलायन्स एअरचे विमान मुंबईस उडाले. एअर इंडियाच्याच घरातील ही कंपनी विक्रीत न गेल्याने सरकारकडेच राहिली आहे. चित्रे सरकारची, विमानही सरकारचे. मग प्रभाबाईंची दोन चित्रे काही महिन्यांसाठी नागपूरच्या अजबबंगल्यात किंवा त्या बेलोऱ्याच्या प्रतीक्षालयात आणण्यास अडचण ती कोणती? विमानाचे तिकीट न काढताही ती पाहता आली पाहिजेत, एवढी अट मी घालीन. वहिनींना मी विचारून ठेवले आहे. तुरीचा हंगाम सोडून केव्हाही चालेल, असे त्या म्हणतात.