खातं रेग्युलर आहे म्हणून

ताबा नोटीस पेपरात आली त्या सकाळी पहिला फोन नातेवाइकाचा नव्हता, इस्टेट एजंटचा होता. "मॅडम, फ्लॅट बँकेत अडकलाय ना? गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. फक्त भाव थोडा खाली घ्यावा लागेल." नोटीस दोन वर्तमानपत्रांत द्यायची आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं हवं, असा नियमच आहे. म्हणजे ती माझ्या सासऱ्यांच्या हातात पडेल, याची सोय कायद्यानेच करून ठेवलेली.

आधीचं थोडक्यात सांगते. नाशिकचा फ्लॅट, 28 लाखांचं कर्ज, बदलत्या व्याजाचं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहावर गेला आणि आमचा हप्ता एकवीस हजारांवरून पंचवीसच्या घरात. त्यातच सातपूरच्या कंपनीतली यांची नोकरी गेली. असं पुष्कळ घरांत झालं.

मला सलतं ते पुढचं. नोकरी गेली त्याच आठवड्यात आम्ही शाखेत गेलो. तोवर एकही हप्ता चुकला नव्हता. मुदत वाढवून हप्ता कमी करा, नाहीतर काही महिने नुसतं व्याज भरू द्या, एवढंच मागणं. साहेबांनी स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं खातं रेग्युलर आहे. रेग्युलर खात्याला असं काही देता येत नाही." यांनी विचारलं, मग कधी देता येतं? त्यावर उत्तर नाही. "बघू, अर्ज ठेवून जा."

बांगड्या गहाण ठेवून काही हप्ते भरले. मग चेक परत गेल्यासारखे हप्ते परत जायला लागले आणि प्रत्येक वेळी वर दंड. नव्वद दिवस उलटले, खातं एनपीए, म्हणजे थकीत, झालं. पुन्हा शाखेत गेलो. तीच खुर्ची, तोच माणूस, मागचं कॅलेंडर तेवढं नवं. "आता फाईल रिकव्हरीला गेली. आधी यायला हवं होतं तुम्ही."

आधी यायला हवं होतं! आम्ही ठेवलेला अर्ज त्यांना सापडेना आणि आमच्याकडे पोच नव्हती.

नंतर एका निवृत्त बँकवाल्या शेजाऱ्यांनी उलगडून सांगितलं. करोनात रिझर्व्ह बँकेने पुनर्रचनेची खास सवलत दिली होती, ती 2021मध्ये संपली. आता रेग्युलर खात्याची पुनर्रचना केली, की बँकेला ते सहसा एनपीएत दाखवावं लागतं. म्हणून साहेब टाळत असणार. कारण पटलं, राग काही गेला नाही.

त्याच काकांनी पुढची वाट दाखवली. थकीत कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते, तिला लेखी हरकत घ्यायची. बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. आम्हाला उत्तर आलं ते तीन ओळींचं, पण आलं. दंडावर पुन्हा व्याज चढवलंय का तेही तपासा, 2024पासून तसं करता येत नाही. वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन केला तर ठणकावून सांगा. आणि मुख्य म्हणजे लिलावाची जाहिरात निघायच्या आत काय ते करा. 2016च्या दुरुस्तीनंतर, जाहिरात निघाली की पैसे भरून घर सोडवायचा हक्क उरत नाही.

घर स्वतःच विकायचं ठरलं. पण साठ दिवसांची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही. त्या एका कागदासाठी ताटकळलो आणि तेवढ्यात पेपरातली नोटीस आली. शेवटी गिऱ्हाइकाच्या बँकेने आमच्या बँकेचं देणं परस्पर चुकतं केलं. हातात थोडं उरलं. लिलावात तेही उरलं नसतं.

ओळखीत कुणाची नोकरी गेली, की मी सांगते, हप्ता चुकायच्या आत बँकेत जा. आम्ही गेलोच होतो आणि काही झालं नाही, हे सांगतानाही डोक्यात असतं. तरी सांगते. फक्त पोच घ्या म्हणते.

घर सोडताना मी भांडले होते, कोर्टात जाऊ म्हणाले होते. आता भाड्याच्या घरात महिन्याच्या पाच तारखेची धास्ती नाही, ते बरंच वाटतं. परत घर घेऊ या, असं हेच म्हणतात. मला नको.

यांचं म्हणणं, त्या साहेबांच्या हातात खरंच काही नसेल. नसेलही. मग पहिल्याच दिवशी तसं सांगायचं होतं. आम्ही तेव्हाच फ्लॅट विकायला काढला असता, चांगल्या भावात, आणि सासऱ्यांना ते पेपरात वाचावं लागलं नसतं.