मेद आणि मातृत्व

मेद हा शब्द उच्चारताच आपल्या मुखावर थट्टेचे अथवा तिरस्काराचे भाव उमटतात. वस्तुतः आयुर्वेदाने मेदास सप्तधातूंमध्ये स्थान दिले आहे, आणि चरकसंहितेने निंदित म्हणून गणलेल्या आठ देहांत अतिस्थूलाच्या जोडीस अतिकृशही बसविला आहे. मेदाचे आधिक्य आणि त्याचा अभाव ही दोन्ही अनिष्टच, हे पूर्वसूरींनी निरीक्षणाने जाणले होते. त्यामागील कार्यकारणभाव मात्र अलीकडे उलगडला.

१९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थूल उंदरांच्या अभ्यासातून एक जनुक शोधून काढले. त्याच्या योगे मेदपेशींत जो अंतःस्राव, म्हणजे हार्मोन, तयार होतो, त्यास 'कृश' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'लेप्टिन' हे नाव मिळाले. कणगीत धान्य किती शिल्लक आहे, याची वर्दी जणू तो मेंदूस देतो. शिल्लक पुरेशी नसेल, तर मेंदू बीजकोशास चालना देण्याचे थांबवितो. उपासमारीने वा अतिश्रमाने वाळलेल्या स्त्रीचे ऋतुचक्र बंद पडते, त्याचे एक कारण हेच.

मेद वाढला, तर आपत्ती निराळी. लेप्टिन विपुल असूनही मेंदू त्यास दाद देईनासा होतो. अ‍ॅडिपोनेक्टिन नावाचा हितकर स्राव घटतो. इन्सुलिनचा प्रभाव मंदावल्याने रक्तातील त्याचे प्रमाण वाढते, आणि त्यामुळे बीजकोशात पुरुषी अंतःस्राव अधिक निर्माण होतात. बीज वेळेवर परिपक्व होत नाही, पाळी लांबते. शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांच्या आधारे वर्णिलेला विकार, आज ज्यास पीसीओएस म्हणतात, तो याच जातीचा. मेद हे त्याचे एकमेव कारण नव्हे; परंतु तो त्यास बळ देतो. पुरुषही यातून सुटत नाहीत. त्यांच्या मेदपेशी पुरुषी अंतःस्रावाचे रूपांतर स्त्रैण अंतःस्रावात करितात, आणि अतिमेदाने शुक्राची हानी होऊ शकते.

यावर कोणी म्हणेल, आमच्या जनवाड्यास ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण खाणाऱ्या सडपातळ माणसांस या चर्चेचे काय प्रयोजन? त्याचे उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी आपली व लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली. उंची व वजन यांवरून काढलेला निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु देहातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के! आपला मेद दिसण्यात येत नाही. तो पोटाच्या आत दडून असतो.

आमची एक भाचेसून अशीच, दिसावयास काडीसारखी. लग्नास सहा वर्षे झाली, पाळी कधीच वेळेवर नाही. सोमवार झाले, शुक्रवार झाले. उपवास सोडावयास तेलातुपातील साबुदाणा होताच. एका नवरात्रात आम्ही तिच्यासाठी खण-नारळ काढिला, तो ती हळूच म्हणाली, "मामी, माझी ओटी नका भरू; बायका बघतात." त्या वाक्याने आम्हांस रात्रभर झोप आली नाही. पुढे तपासणीत वरील विकारच निघाला. तिच्या यजमानांची तपासणी तर त्याहीनंतर झाली. तोवर साऱ्या दोषाची धनीण तीच होती.

औषध, नित्याचे चालणे आणि मोजका आहार यांनी तिची पाळी आता नियमित झाली आहे. स्थूल स्त्रीने वजन शेकडा पाच ते दहा इतके उतरविले, तरी पुष्कळदा बीज पुन्हा सुटू लागते, असा वैद्यकाचा अनुभव आहे. भाचेसुनेच्या घरी पाळणा अद्याप हललेला नाही, कदाचित हलणारही नाही.

नवस करू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. परंतु नवसाआधी पतिपत्नी दोघांनीही वैद्याकडे जावे, आणि देवळाच्या सभामंडपात कोणत्याही सुवासिनीस ओटीच्या रांगेतून मागे सारू नये, एवढी आमची वाचकभगिनींस विनंती आहे.