वाडीच्या तोंडाशी बांबू

१६ ऑगस्ट २०२०

चतुर्थी येत्या शनिवारी. खारेपाटणच्या नाक्यावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागलीय. ई-पास दाखवा, मगच सिंधुदुर्गात शिरा. पुढे गावच्या शाळेत विलगीकरण आहेच; १४ दिवसांचं सरकारने १० केलं एवढंच. एरवी गाव याच माणसांची वाट बघतो; यंदा वाडीच्या तोंडाशी बांबू आडवा बांधलाय.

गावकऱ्यांचा मला राग येत नाही. घरोघरी म्हातारी माणसं, मोठ्या आजाराला धावायचं ते गोव्यात बांबोळीला, आणि ती सीमाही मार्चपासून आवळलेली. कोरोनाची भीती खरी आहे. पण मुंबईत खोलीत कोंडलेल्या, काम गेलेल्या माणसाला "यंदा येऊ नको" म्हणणं मला सहन होत नाही. त्याच्याच मनीऑर्डरींवर इथली घरं उभी राहिली. आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या, त्याबद्दल कुणी रस्ता अडवला नव्हता!

शेजारच्या काकी शाळेच्या गडग्यावर पुतण्याचा डबा ठेवतात, लांबूनच विचारतात, "झिला, बरो मां रे?"

उद्या सरपंचांना भेटून सांगणार आहे: शाळेच्या आणखी खोल्या उघडा, नळ दुरुस्त करा, आणि तो बांबू काढा.