गोळ्यांची वजाबाकी

माणूस म्हातारा झाला हे ओळखायची माझी एक सोपी खूण आहे. तरुणपणी चार मित्र भेटले की सिनेमाच्या तिकिटांबद्दल बोलतात. पन्नाशीत पोरांच्या ॲडमिशनबद्दल बोलतात. आणि साठी उलटली, की एकमेकांच्या कानाशी लागून विचारतात, "तुमचा औषधवाला किती टक्के सोडतो?"

आमच्या जुळे सोलापुरातल्या बागेत सकाळी म्हाताऱ्यांची जी बैठक भरते, तिच्यात माणसाची पत या टक्क्यांवर ठरते. दहा टक्केवाला बाकाच्या कडेला बसतो. पंधरा टक्केवाल्याला मध्ये जागा मिळते. एक निवृत्त पोस्टमास्तर अठरा टक्के मिळवतात, म्हणून त्यांच्या गुडघेदुखीचं वर्णनसुद्धा आम्ही आदरानं ऐकतो. मी मात्र चौतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. मी शोध घेत घेत नव्या पेठेतला एक दुकानदार गाठला. तो म्हणाला, "वीस टक्के देतो मालक, पण बाहेर बोलू नका." मी दुसऱ्याच दिवशी बागेत बोललो. पोस्टमास्तर तीन दिवस फिरायला आले नाहीत.

आता हिशोब बघा. आम्हां दोघांचं औषधांचं महिन्याचं बिल २,४०० रुपये. त्यातले १,८०० माझ्या मधुमेहाचे आणि कोलेस्टेरॉलचे, ६०० आमच्या हिच्या रक्तदाबाचे. घराजवळचा दुकानदार बारा टक्के देतो, नव्या पेठेतला वीस. म्हणजे आठ टक्क्यांचा फायदा, १९२ रुपये. रिक्षाला जाऊन-येऊन १६० रुपये. राहिले ३२. एवढं लांब गेल्यावर एक चहा आणि एक प्लेट भजी होतेच, त्यात ते ३२ जातात. वर आठ-दहा रुपये पदरचे. भज्यांनी कोलेस्टेरॉल वाढतं ते वेगळंच. पण टक्के वीस ते वीसच! शाळेत मी पोरांना नफा-तोटा शिकवताना गाडीभाडं धरायला सांगत असे. स्वतःच्या बाबतीत ते धरायचं नसतं.

गंमत म्हणजे गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला आमचं बिल एक महिना आड चक्क ६०० रुपयांनी उतरायला लागलं. मी बिलाची फक्त शेवटची ओळ वाचतो. मला वाटलं, दुकानदार आपल्या व्यक्तिमत्त्वावर खूष होऊन गुपचूप जादा सूट देतोय. बागेत मी तसं सूचितही केलं. ही म्हणायची, "माझ्या गोळ्या आहेत अजून, या खेपेला आणू नका." मी आणत नव्हतो. ते सहाशे कुठून वाचतात, हा त्रैराशिकाचा प्रश्न गणिताच्या मास्तरला पडला नाही.

याखेरीज आमच्याकडं विमा आहे. आपल्याकडं मेडिक्लेम १९८६ साली आला. माझ्याकडं तो साठी झाल्यावर आला, म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणावी तसा. दोघांचा हप्ता वर्षाला ३८ हजार. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून अशा हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी माफ झाला, त्या दिवशी मी आनंदानं पेढे आणले. औषधांवरचा करही त्याच दिवशी १२ वरून ५ वर आला, म्हणून पेढे खाल्ल्यावर लागणारी गोळीही स्वस्त पडली असा हिशोब मी हिला समजावून सांगितला. तिनं पेढ्यांचा डबा उचलून आत नेला.

पण विम्याचा स्वभाव जावयासारखा असतो. वर्षभर त्याचं सगळं करायचं, आणि आपल्याला गरज पडली की त्याला नेमकं जमत नाही. रोजच्या गोळ्यांशी त्याचा संबंध नाही. तुम्ही दवाखान्यात आडवे झालात तरच तो उभा राहतो. सरकारनं २०२४ च्या ऑक्टोबरात सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचं संरक्षण दिलं, मिळकत कितीही असो. मी अडुसष्ट. आयुष्यात पहिल्यांदाच मला म्हातारं व्हायची घाई झाली आहे. तेही आडवं झाल्यावरच म्हणा!

गेल्या संक्रांतीला आम्ही गड्ड्यात गेलो. सिद्धेश्वराच्या यात्रेला सोलापूरकर गेला नाही तर शेजारी विचारायला येतात, "घरात कुणी आजारी आहे का?" आम्ही जाऊन आजारी पडलो. होम मैदानावर पाळण्यांच्या गर्दीत ही मला म्हणाली, "अहो, तो पाळणा फिरतोय ना?" मी म्हटलं, "फिरणारच की, पैसे घेतलेत त्यानं." ती म्हणाली, "मग जमीन कशाला फिरतीय?" आणि खाली बसली. बसली ती उठेना.

पुढचा अर्धा तास मला नीट आठवत नाही. कुणी पाणी आणलं, कुणी रस्ता करून दिला. एका फुगेवाल्यानं आपले फुगे दुसऱ्याच्या हातात देऊन हिला रिक्षापर्यंत आधार दिला. मी मात्र तिची चप्पल हातात घेऊन नुसता पळत होतो. वीस टक्के, बारा टक्के, सगळे टक्के त्या धुळीत पडले होते.

संध्याकाळी सात वाजता तिला एका खाजगी दवाखान्यात दाखल केलं. रक्तदाब भलताच चढला होता. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या नियमित घेता ना?" ही म्हणाली, "हो." आवाज बारीक होता. मला वाटलं, अशक्तपणामुळं असेल.

रात्री मी तिचे कपडे आणि गोळ्या आणायला घरी आलो. शेंगाचटणीच्या बरणीमागं बिस्किटाचा डबा होता, त्यात तिच्या गोळ्या होत्या. १ डिसेंबरला मी तीस गोळ्या आणल्या होत्या. आज १४ जानेवारी. १३ तारखेपर्यंत ४४ दिवस झाले. गोळ्या कधीच संपायला हव्या होत्या. डब्यात आठ शिल्लक. म्हणजे ४४ दिवसांत २२ गोळ्या. हे गणित चौथीतलं पोरगं सोडवेल. मी ते सोडवलं आणि स्वयंपाकघरातच पाटावर बसून राहिलो.

सकाळी तिला बरं वाटल्यावर विचारलं. ती छताकडं बघत म्हणाली, "दिवसाआड घेते. तुम्ही वीस टक्क्यांसाठी नव्या पेठेत जाता. मी घरबसल्या पन्नास टक्के वाचवते."

काय बोलणार? हिचे वडील गिरणीत साचेवाले. भोंग्यावर दिवस उगवायचा आणि भोंग्यावर मावळायचा. एक दिवस भोंगा वाजायचा थांबला. त्या घरात औषध ही शेवटच्या नंबरची खरेदी होती, आणि तीही बायकांची असेल तर त्याच्याही नंतरची. मी रोज जेवताना टक्क्यांचा पाढा म्हणत होतो. तिला त्यातून एवढंच ऐकू आलं की आपल्या गोळ्या महाग पडतात.

आता माझी हुशारी ऐका. संध्याकाळी सातनंतर खोलीचं दुसऱ्या दिवसाचं भाडं चढणार होतं. डॉक्टर म्हणाले, "आता धोका नाही, पण उद्या सकाळी जा." मी म्हटलं, "धोका नाही ना? मग आजच जातो." पाच वाजता बाहेर पडलो. एका दिवसाचं भाडं वाचलं! बिल ११ हजार. मी ऐटीत कागद विमा कंपनीकडं पाठवले. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. रुग्ण सलग २४ तास दाखल असायला हवा, आपला रुग्ण २२ तास होता, सबब दावा मंजूर करता येत नाही. दोन तास! गणिताच्या मास्तरला दोन तासांची वजाबाकी ११ हजारांना पडली. पुढं पॉलिसी भिंगातून वाचली तेव्हा कळलं, की दावा बसला असता तर घरी आल्यावर साठ दिवसांची औषधंही त्यातच मिळाली असती. तेव्हापासून मी भिंग वापरत नाही.

न्यू जर्सीतल्या भाच्याला फोनवर हे सांगितलं, तर तो हसला. म्हणाला, "मामा, इथं विम्याचं कार्ड दाखवलं तर कधीकधी औषध महाग पडतं, आणि फुकटचं सवलतीचं कूपन दाखवलं तर स्वस्त." त्याहून कहर म्हणजे, रोखीनं घेतलंत तर स्वस्त पडेल हे गिऱ्हाइकाला सांगायची औषधवाल्याला काही करारांत बंदी असायची. २०१८ साली कायदा करून ती उठवावी लागली. मला बरं वाटलं. आपण एकटेच नाही, अमेरिकाही आमच्या बाकावर आहे.

शेवटी मार्ग दाखवला तो आमच्या जुन्या डॉक्टरांनी. म्हणाले, "मास्तर, टक्के कसले मोजता? गोळीचं नाव नका वाचू, खालचं बारीक अक्षर वाचा. टेल्मिसार्टन, चाळीस मिलिग्रॅम. हेच जनऔषधी केंद्रात मागा." १९७५ सालीच हाथी समितीनं सांगून ठेवलं होतं, की औषधं कंपनीनं दिलेल्या नावांऐवजी मूळ नावानं विकण्याकडं वळावं. ते राहिलं. २००८ साली अमृतसरला पहिलं जनऔषधी दुकान उघडलं. तिथली औषधं कंपनीच्या नावाच्या औषधांपेक्षा साधारण पन्नास ते नव्वद टक्के स्वस्त असतात. नव्वद टक्के! आणि मी वीस टक्क्यांसाठी पोस्टमास्तरांचा तळतळाट घेतला होता.

आम्ही दोघं गेलो. बिल ७०० रुपयांच्या आत आलं. एक गोळी शिल्लक नव्हती, ती चार दिवसांनी या म्हणाले. तेवढं रेशनच्या दुकानासारखं वाटून घरच्यासारखं झालं. हिनं मात्र काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "इतकी स्वस्त, मग गुण येईल का रे बाबा?" तो म्हणाला, "येतो की काकू. माझी आई हेच घेती." डॉक्टरांनी बजावलं होतंच, "गोळी बदलल्यावर पंधरा दिवसांनी दाब दाखवून जा." दाखवला. दाब शहाण्यासारखा खाली आला होता.

आता नव्या पेठेत जायला कारण उरलं नाही. भजी सुटली. बागेत मी टक्के सांगितले तर कुणाचा विश्वास बसला नाही. पोस्टमास्तर हळूच मागून आले आणि पत्ता लिहून घेऊन गेले.

रोज रात्री नऊ वाजता ही माझ्यासमोर गोळी घेते आणि रिकामं पाकीट माझ्या नाकाशी धरते, "मोजा." मी मोजतो. परवा मोजताना एक गोळी कमी भरली. पुन्हा मोजली. कमीच. मी घाबरून विचारलं, "अगं, आज दोन घेतल्यास का काय?"

"एक सांडली," ती म्हणाली. "आणि घेतल्या असत्या तरी काय हो? आता स्वस्त आहेत की!"

त्या रात्रीपासून गोळ्यांचा डबा माझ्या उशाशी असतो.