वाटाड्याचा बिल्ला

दिल्लीला बदली झालेल्या मराठी माणसाला दोन नोकऱ्या कराव्या लागतात. पहिली केंद्र सरकारची. तिचा पगार मिळतो. दुसरी गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांना दिल्ली दाखविण्याची. तिच्यात तो पगार खर्ची पडतो. दिवाळी आटोपली, की आत्या, मावश्या, त्यांचे शेजारी आणि शेजाऱ्यांचे व्याही यांचे निरोप येऊ लागतात, आणि आमचे हिवाळ्यातले रविवार कुतुबमिनार व लाल किल्ला यांच्या नावे जमा होतात.

या दुसऱ्या नोकरीला परवाना लागत नाही, कारण ती बिनपगारी आहे. हा विनोद नव्हे. प्राचीन स्मारकांसंबंधीचे १९५९ चे केंद्रीय नियम पाहावेत. संरक्षित वास्तूत मोबदला घेऊन कोणास हिंडवावयाचे, तर पुरातत्त्व अधिकाऱ्याचा परवाना हवा. म्हणजे व्यवसाय म्हणून वाटाड्या व्हावयाचे, तर शिकणे आले आणि परीक्षाही आली. पर्यटन मंत्रालयाच्या वाटाड्यांना शिकविण्याचे काम १९८३ मध्ये स्थापन झालेल्या ग्वाल्हेरच्या पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्थेने वर्षानुवर्षे केले. २०२० पासून तर घरबसल्या संगणकावर अभ्यास करून प्रमाणपत्र मिळविण्याचीही सोय झाली.

या शिक्षणाने काय साधते, ते कुतुबच्या आवारातील लोहस्तंभापाशी कळते. बिनबिल्ल्याचा वाटाड्या सांगतो, की हा खांब कोण्या गुप्त विद्येने घडविला आहे. शिकलेला वाटाड्या त्यावरील संस्कृत लेखातील चंद्र नावाच्या राजाकडे बोट दाखवितो. खांबाचे वजन सहा टनांहून अधिक असल्याचे सांगतो. लोखंडातील फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर एक पातळ थर धरला आणि त्या थराने गंज थोपविला, हेही समजावून देतो. खांबाला पाठ टेकून मागून दोन्ही हातांनी कवळा घातला, तर मनीची इच्छा पुरी होते, अशी लोकांची समजूत होती. त्या असंख्य मिठ्यांपासून वाचविण्यासाठी १९९७ मध्ये त्याच्याभोवती कुंपण घालावे लागले. एवढे सगळे ऐकल्यावर खांबाचे आश्चर्य उणे होत नाही, उलट दुणावते.

परंतु वाटाड्याची खरी परीक्षा कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नसते. गेल्या हिवाळ्यात आमचे आतोबा साताऱ्याहून आले होते. लाल किल्ल्यात आम्ही परवानाधारक वाटाड्या ठरविला; वयाने पोक्त, गळ्यात ओळखपत्र, बोलणे शांत. दिवाण-इ-खासमध्ये उभा राहून त्याने १७३९ मध्ये नादिरशहाने मयूरासन नेल्याची हकीकत सांगितली. आतोबा हळहळले. मग त्याने आमचे गाव विचारले. आतोबांनी छाती पुढे काढून सातारा सांगितले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "या दालनाला चांदीचे छत होते. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या फौजेने ते उतरवून वितळविले. फौजेला द्यायला पैसा राहिला नव्हता. पुढल्याच जानेवारीत पानिपत झाले."

आतोबांचा चेहरा उतरला. "अरे, हे ऐकायला याला पैसे मोजायचे का?" असे ते मराठीत पुटपुटले. पण परतताना नौबतखान्यापर्यंत ते त्याला भाऊसाहेबांविषयीच विचारीत होते.

आम्ही मात्र त्या क्षणभराच्या थांबण्याचा विचार करीत राहिलो. गाव ऐकून त्याला छताचा विषय गिळून टाकता आला असता. बक्षिसीवर जगणारा नेमके तेच करतो. पाहुण्याला रुचेल तेवढाच इतिहास वाढतो. बिल्लेवाल्याच्या शब्दामागे कोणाची तरी सही असते. आम्ही कारकून माणसे. टिपणीखाली सही करावयाची म्हटली, की लेखणी कशी जपून चालते, हे आम्हांला ठाऊक आहे. प्रमाणपत्राचे मोल आमच्या मते तेवढेच, आणि ते थोडे नाही.

परप्रांती राहणाऱ्या माणसाला मात्र कसलाही बिल्ला न मिळता हे काम करावे लागते. आमच्या कचेरीतील एक बंगाली सहकारी जेवणाच्या सुट्टीत एकदा सहज म्हणाले, की त्यांची आजी मुलांना झोपविताना 'बर्गी' येतील म्हणून भीती घाली. बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७४१ पासून दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांची ही आठवण. डब्यावरून मान वर करून ते उत्तराची वाट पाहू लागले. रायगडाच्या आणि शिवरायांच्या गोष्टी आम्ही त्यांना पुष्कळ सांगितल्या होत्या. त्या दिवशी चौथाईची वसुली, जाळपोळ आणि उजाड झालेली गावे यांविषयी जे वाचले होते, ते आम्ही सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि आपल्या डब्यातला एक संदेश आमच्या ताटलीत ठेवला.